उडवलेल्या माश्या

आमच्या प्रयोगशाळेत फळमाशीच्या गुणसूत्रातला नेमका तुकडा उडवावा तर तो मीच. हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

दीड वर्ष खपून मी डोळ्यांना लाल रंग देणारा एक तुकडा, दोन प्रतींपैकी एकीतून, उडवला होता. तीस माश्या, एकच बाटली. चटकन ओळखू याव्यात म्हणून पंख वर वळलेल्या जातीच्या. आता त्यांची लग्नं तपकिरी डोळ्यांच्या घराण्यात लावायची. निम्मी पोरं तपकिरी डोळ्यांची निघाली की तुकडा खरंच उडालाय. सगळी लाल निघाली तर? तो विचार मी केलाच नव्हता. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मात्र बजावलं होतं, "महिनाअखेर पुरावा दाखव, नाहीतर तुझं टेबल दुसऱ्याला."

घोटाळा नको म्हणून मी बाटलीवर ठळक अक्षरात लिहिलं, 'उडवलेल्या'.

जेवून आलो तर बाटली धुऊन पालथी घातलेली!

"मावशी, यातल्या माश्या?"

"उडवल्या की," बाटल्या धुणाऱ्या मावशी हात पुसत म्हणाल्या. "वर लिहिलंय 'उडवलेल्या', आणि आत सगळ्या जशाच्या तशा. म्हटलं, सरांचं राहून गेलं असेल."

"अहो, तुकडा उडवलेल्या! आतला तुकडा!"

"मग तसं लिहायचं ना."

 दीड वर्ष गेलं, आता टेबलही जाणार. मी स्टुलावर बसून चक्क रडलो. मावशींनाही वाईट वाटलं. हाताला धरून त्यांनी मला खिडकीशी नेलं.

"बघा तरी. ढकलून ढकलून दमले, पण मेली एक उडेल तर शपथ."

खिडकीच्या कट्ट्यावर तीसच्या तीस जणी पायी फिरत होत्या. वळलेल्या पंखांच्या माशीला धड उडता येत नाही, हे नव्या विद्यार्थ्यांना शिकवतो कोण? मीच.

मऊ ब्रशने एकेक गोळा केली, मावशींनी मोजली. त्याच दुपारी लग्नं लावली. पोरं झाली त्या दिवशी मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. मी शेजारी उभा, माझ्यामागे मावशी.

"लाल," मॅडम म्हणाल्या. "झाडून सगळे लाल. तुकडा जागच्या जागी आहे."

मावशींनी हळूच विचारलं, "म्हणजे तोही नाही उडाला?"

मॅडम इतक्या हसल्या की मला सहा महिने वाढवून मिळाले. माझ्या बाटल्यांवर आता मावशीच लिहितात, 'उडाल्या नाहीत'. आणि खरं सांगतो, त्यांचं लेबल अजून एकदाही चुकलेलं नाही.