आमच्या घरातले कोट्यवधी जीव

कोल्हापुरात सगळं आहे, फक्त समुद्र नाही. ही उणीव मी आमच्या कळंब्याच्या घरात, हॉलच्या कोपऱ्यात, चार फुटी काचेच्या टाकीत भरून काढायची ठरवली!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय? टाकी आणली, मीठ विरघळवलं, मासे सोडले, झालं! सामान्य माणूस इथंच फसतो. मी एकवीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवतोय. नव्या टाकीत मासे लगेच सोडले, तर त्यांच्याच घाणीतून अमोनिया तयार होतो आणि ते मरतात. म्हणून आधी तो अमोनिया पचवणारे जिवाणू वाढवायचे. महिना-सव्वा महिना टाकीत फक्त खारं पाणी, वाळू, दगड आणि आपला धीर! याला या छंदातले लोक ‘सायकल’ म्हणतात.

माझ्या धीरावर माझ्या बायकोचा, संयोगिताचा, काडीचा विश्वास नाही. तिचंही चूक नाही म्हणा. याआधी मी घरात मशरूम लावले होते, ते पिशव्या सोडून भिंतीला उगवले. मधमाश्या पाळल्या, त्या शेजारच्या पिराजीमामांकडे कायमच्या राहायला गेल्या.

“अहो, त्या कोपऱ्यात मला घरघंटी ठेवायची हाय,” ती म्हणाली. “पण चाळीस दिवस देते. चाळिसाव्या दिवशी आत मासा दिसला न्हाय, तर एक्केचाळिसाव्या दिवशी घरघंटी!”

“मंजूर!” मी गरजलो. एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! इचलकरंजीच्या मेव्हण्याला, राजवर्धनला, फोन लावून चाळिसाव्या दिवसाचं जेवणाचं आमंत्रणही देऊन टाकलं. म्हणजे आता कोपऱ्याबरोबर अब्रूही पणाला लागली.

जिवाणू वाढवायचे तर त्यांना आधी खायला हवं. त्यासाठी टाकीत एक कोळंबी कुजवायची असते. आषाढ संपायला तीन दिवस उरलेले, मंडईत ही गर्दी! मी मासेवालीला म्हटलं, “एक कोळंबी द्या.”

“एक किलो?”

“एक नग.”

तिनं कोयता खाली ठेवला. “पावणं, एका कोळंबीत कुणाला जेवाय घालताय?”

आमच्या घरी श्रावण कडक पाळतात. आईला कळलं तर टाकीसकट मीही बाहेर! म्हणून कोळंबी दगडामागं लपवली. पण दुसऱ्याच दिवशी आई टाकीसमोर खुर्ची टाकून बसली.

“अमर, मासं कुठं हायत रं?”

इथं माझ्यातला शिक्षक जागा झाला. तो झोपून राहिला असता तर ही कथा घडलीच नसती!

“आई, मासे नंतर. पण टाकी रिकामी नाही बरं! यात कोट्यवधी जीव आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत एवढंच.”

“कोट्यवधी?”

“वाढतायत अजून!”

आईनं काचेला हात लावून नमस्कार केला. विज्ञानाचा एवढा आदर आमच्या घरात पहिल्यांदाच झाला, म्हणून मी दिवसभर खूश होतो.

पाचव्या दिवशी बघतो तर कोळंबी गायब! जिवाणूंनी फस्त केली! मी दहावीच्या वर्गात तासभर त्यांच्या पराक्रमाचं वर्णन केलं.

मग रोज पाणी तपासायला लागलो. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. हिरवं झालं तर अमोनिया आहे, पिवळं झालं तर संपला. विसाव्या दिवसापर्यंत पिवळं दिसायला हवं होतं. माझी नळी कोथिंबिरीच्या चटणीसारखी हिरवीगार! मधे एकादशीला तर टाकीतलं पाणी दुधासारखं पांढरं झालं. वास असा सुटला, की पिराजीमामांनी आपल्या खिडक्या बंद केल्या.

जिथून टाकी आणली, त्या राजारामपुरीतल्या दुकानदाराला, ऋतुराजला, फोन केला. “सर, आत काय टाकताय?”

“काहीही नाही! बोटसुद्धा लावत नाही!”

“मग हे कायतरी वेगळंच हाय,” तो म्हणाला. मला अभिमानच वाटला. आपल्या टाकीत विज्ञानाला अज्ञात असं काहीतरी घडतंय!

इकडं घरात दुसरंच रहस्य. “अहो, पंधरा दिवसांचं पीठ आठ दिवसांत कसं संपतंय?” संध्याकाळी कामावरून आल्यावर संयोगिता विचारायची. “शाळेत चपात्या वाटताय काय?” मी बिचारा, डबा खांद्यावर घेऊन दर आठवड्याला गिरणीत जायचो.

सव्विसाव्या दिवशी शाळेतलं प्रशिक्षण रद्द झालं आणि मी अकरालाच घरी आलो. दारात चपलांचे चौदा जोड! आईला काही झालं का? धावत आत शिरलो, तर एका अनोळखी बाईनं मला हातानं अडवलं.

“ओ पावणं, लाईनीत या की!”

स्वतःच्या हॉलमध्ये मी रांगेत उभा राहिलो. पुढं टाकी. टाकीला हळदीकुंकू. स्टँडवर उदबत्ती. प्रत्येक बाईच्या हातात ताटली, ताटलीत कणकेच्या गोळ्या. रंकाळ्यावर माशांना घालतात ना, तशाच! एकेक बाई पुढं व्हायची, गोळ्या पाण्यात सोडायची, हात जोडायची. शेजारी खुर्चीवर आई, देवस्थानाच्या अध्यक्षासारखी!

“आई! हे काय?”

“आरं, श्रावणात माशाला कणीक घातली की पुण्य लागतंय. एका माशाला घातली तर एवढं, मग कोटीला घातली तर? तू शाळंत गेलास की भजनी मंडळातल्या समद्या येत्यात, जाताना काच पुसून जात्यात. एकादशीला साबुदाणा घातलाता. त्यांचाबी उपास नको व्हय?”

“पण कुणी सांगितलं घालायला?”

“सांगाय कशाला पायजे?” आईचा आवाज एकदम खाली आला. “पाचव्या दिवशी बघितलं, त्यातला एकटाच जरा मोठा झालता, तो दगडामागं मरून पडलाता. उपाशी मेला रं बिचारा! मी जास्वंदीखाली पुरला त्याला. तूच म्हणालास, जीव हायत. मग घरातला जीव मी उपाशी ठेवू व्हय?”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला खूप लाज वाटली. तिनं माझा शब्द न् शब्द खरा मानला होता. माझ्या वर्गातल्या एकाही पोरानं आजवर तेवढं केलेलं नाही!

ऋतुराजला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. “सर, आईंची पद्धत बरोबरच हाय की! कोळंबी नसली तर रोज चिमूटभर खाद्य टाकूनबी सायकल होती. पण चिमूटभर! तुमच्यात पंगती उठल्या!”

पाणी बदललं, वाळू उपसली, कणीक काढली. पण गेलेले दिवस कुठून आणू? चाळिसाव्या दिवशी राजवर्धन जेवायला आला आणि काचेला नाक लावून उभा राहिला.

“दाजी, मासं कुठं हायत?”

“येतील.”

“म्हंजे? भाईर गेल्यात व्हय?”

एक्केचाळिसाव्या दिवशी घरघंटी त्याच्याच टेम्पोतून आली आणि कोपऱ्यात बसली. टाकी आईच्या कॉटशेजारी गेली. ऋतुराजनं दिलेलं खाद्य घालायचं काम मी आईकडेच दिलं. रोज एक चिमूट, ती मोजून घालायची. चिमूट घातली की पुटपुटायची, “आजच्यापुरतं भागवा रं.”

आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी नळी पिवळी झाली! हळदीसारखी पिवळी! मी राजारामपुरीतून दोन मासे आणले, अंगानं नारिंगी, वर पांढरे पट्टे. पाण्यात सोडले आणि ते ऐटीत फिरायला लागले. पुन्हा चपलांचे चौदा जोड दारात. सगळ्या बाया काचेसमोर दाटीवाटीनं उभ्या. मी छाती फुगवून उभा होतो. अखेर अमरसिंह सरांनी करून दाखवलं!

आई बराच वेळ बघत होती. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, “एवढ्या कोटीतनं दोनच जगलं गं बाई!”

चौदा जणी हळहळल्या. मी समजावून सांगायला तोंड उघडलं...

“अहो,” संयोगिता आतून म्हणाली, “काय सांगू नगासा आता. तेवढं गहू दळायला टाका.”

मी मुकाट्यानं घरघंटीचं बटण दाबलं.