शेवटची सोळा पानं

शिवलेलं पुस्तक उसवणं म्हणजे बाइंडरच्या धंद्यात पाप. पण मंगळवारी बायकोने तिसऱ्यांदा भाजी करपवली आणि आमच्या बाइंडरने ठरवलं, पाप तर पाप!

कारण एक रहस्यकादंबरी. लेखक कोण, तर त्याचा साडू, दातांचा डॉक्टर. (समोरच्याला तोंड उघडायला लावून स्वतःच बोलत राहायची सवय.) एका शाळेतली पंधरा-सोळा वर्षांची मुलं रोज सव्वाचारला पटापट बेशुद्ध पडतात, अशी गोष्ट. पहिल्या पानावर सही : 'रसिक मेहुणीस'. बाइंडरने जन्मभर हजारो पुस्तकं शिवली, पण बायकोने एकाचीही शिलाई कधी कौतुकाने पाहिली नव्हती. आता मात्र ती जेवतानाही पुस्तक तांब्याला टेकवून "भावजींचं डोकं म्हणजे!" म्हणत होती. त्याचा नुसता जळफळाट होत होता.

ती आंघोळीला गेल्यावर त्याने शेवटची सोळा पानं उसवली आणि पाठ पुन्हा चिकटवली. (हेवा असला तरी कामात खोट नाही.) रहस्य उलगडलंच नाही, की बसेल साडूच्या नावाने बोटं मोडत.

मग छापखान्यात जाऊन त्याने ती पानं वाचली. शाळेच्या टाकीत पाल पडली होती. बस्स! सोळा पानं एक डॉक्टर ती पाल समजावून सांगत होता. बाइंडरने कपाळावर हात मारला. हे तिने वाचलं असतं, तर साडू आपोआपच तोंडावर आपटला असता! पानं परत शिवायला तो धावत घरी आला, तर बायको फोनवर.

"भावजी, काय शेवट केलात! मुलांना काय झालं ते सांगितलंच नाहीत! काटा आला अंगावर."

पलीकडून आधी एक खाकरणं. मग साडूचा आवाज आला, "जाणकारालाच कळतं ते."

रविवारी साडू जेवायला आला, बाइंडरच्याच खुर्चीत बसला आणि न सांगण्यातली ताकद या विषयावर बोलू लागला. तिसऱ्या पोळीला बाइंडरचा धीर सुटला.

"तो शेवट माझा आहे! मी केलाय!" असं ओरडून तो पुराव्यासाठी कपाटाकडे धावला. शर्टांखाली दडवलेली पानं गायब!

"ती सोळा पानं ना?" बायको हळूच म्हणाली. "सापडली मला. वाचलीसुद्धा."

"मग? आता तूच सांग!"

"अहो, हौस असावी माणसाला. पण भावजींच्या कादंबरीला आपला शेवट जोडायचा? तोही पानांचे पुढचे आकडे घालून, छापून आणायचा? आणि काय, तर पाल!"

बाइंडरने आशेने साडूकडे पाहिलं. साडूने सावकाश हात पुसले आणि त्याच्या पाठीवर थोपटलं.

"प्रयत्न चांगला आहे हो," तो म्हणाला, "पण पाल जरा बालिश वाटते."