फोटोखालची ओळ

आमच्या शेजारचे नखातेकाका सकाळी पेपर उघडतात आणि फक्त फोटोंखालची नावं वाचतात. मंत्री पडो की पूल पडो, बातमीशी त्यांना देणंघेणं नाही. फोटोखाली बारीक अक्षरात काढणाऱ्याचं नाव दिसलं, की मान हलते आणि पान उलटतं. नाही दिसलं, तर पेपरच्या कचेरीत फोन जातो. तिथल्या मुलीला आता त्यांचा आवाज पाठ झालाय. काकांनी 'हॅलो' म्हणताच ती साहेब मीटिंगमध्ये असल्याचं सांगून टाकते.

काकांचा सावनेरला फोटो स्टुडिओ होता. तीसेक वर्षं चालवला. मग सगळ्यांच्या खिशात कॅमेरे आले, गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोपुरतं उरलं, तेव्हा कुलूप लावून ते धरमपेठेत आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले. सोबत नखातेकाकू, कपाटभर निगेटिव्ह आणि हा राग.

बिल्डिंगच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कोणी कमळाचं फूल टाकून 'शुभ सकाळ' म्हटलं, की खाली काकांचा प्रश्न हजर, "फोटो कोनं काढला?" टाकणाऱ्याला ते कुठून ठाऊक असणार? त्याला कुणीतरी पाठवलेलं असतं, त्यानं पुढे ढकललेलं असतं. तिसऱ्या मजल्यावरचे वैद्य आजोबा गेले, तेव्हा श्रद्धांजलीखाली चाळीस जणांनी हात जोडले आणि काकांनी विचारलं, "फोटो झकास. कोनं काढला?" त्या दिवशी त्यांना ग्रुपमधून हाकललं. आठवड्यानं परत घेतलं, ते वैद्यांच्या मुलीनंच घ्यायला लावलं. फोटो तिनं काढला होता आणि चाळीस जणांत एवढ्या एकानंच विचारलं होतं.

लोक काकांना खुळे म्हणतात. काका लोकांना चोर म्हणतात. घर बांधलं की तुम्ही दारावर पाटी लावता, देवळाला पंखा दिला तर पंख्याच्या पात्यावर नाव रंगवता, मग फोटोवाल्यानंच तुमचं काय घोडं मारलं, हा त्यांचा ठरलेला सवाल. पात्यांवरची नावं मीही वाचली आहेत, पंखा बंद असताना. त्यामुळे मी विषय बदलत असे.

पण हे खूळ माझ्याच अंगावर आलं.

मी आमच्या वाचनालयाचा सचिव. वाचनालयाला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि संपादनही माझ्याच गळ्यात पडलं. चार महिने राबलो. जाहिराती आणल्या, लेख मागितले, आलेले लेख दुरुस्त केले म्हणून शिव्या खाल्ल्या. मुखपृष्ठासाठी एक जुना कृष्णधवल फोटो मिळाला. सोळा-सतरा वर्षांची खेड्यातली पोर, मांडीवर उघडं पुस्तक, आणि नजर अशी की पुस्तकातून आत्ताच वर आली आहे. मोबाइलवर फिरत फिरत माझ्यापर्यंत आला होता. मी तो छापला आणि प्रामाणिक माणूस म्हणून आत ओळ टाकली, 'मुखपृष्ठ छायाचित्र : इंटरनेटवरून साभार.' 'साभार' लिहिलं की आपण सुटलो, असं मला मनापासून वाटत होतं.

प्रकाशनाला हॉल भरलेला. पाहुणे भाषणात रंगात आले होते, एवढ्यात तिसऱ्या रांगेतून काका उठले. हातात स्मरणिका, बोट त्या ओळीवर.

"हा फोटो इंटरनेटनं काढला म्हनता? इंटरनेटले बोट हाय काय, बटन दाबाले?"

हॉल हसला. पाहुणेही हसले. माझे मात्र कान तापले. चार महिन्यांच्या मेहनतीचं या माणसानं एका वाक्यात भजं केलं होतं. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मला दारातच गाठलं आणि उद्या घरी या, निगेटिव्ह दाखवतो, एवढं सांगून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडायलाच गेलो. काय काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं. काकांनी मला बसू दिलं नाही. खिडकीशी उभं केलं आणि एक निगेटिव्ह उजेडापुढे धरली. काळ्याचं पांढरं झालेलं, पण तीच पोर, तेच पुस्तक.

माझी भाषणं जिरली. त्या स्मरणिकेत माझं नाव चार ठिकाणी होतं. संपादक म्हणून, सचिव म्हणून, मनोगताखाली आणि माझ्या स्वतःच्या फोटोखाली. या एका ओळीत नाव घालायला मात्र मला जागा सापडली नव्हती. मला खरंच लाज वाटली. मी म्हटलं, काका, चूक झाली. चिठ्ठ्या छापून प्रत्येक प्रतीत त्या ओळीवर चिकटवू. मी पेन काढलं आणि लिहायला लागलो, छायाचित्र : देवराव…

"थांबा, भाऊ," काका म्हणाले. "माहं नाव नोका लिहू."

आतल्या खोलीकडे एकदा पाहून ते खाली बसले आणि हळू आवाजात सांगू लागले. त्या काळी आसपासच्या खेड्यांतल्या बाया-पोरी परक्या पुरुषासमोर मान वर करत नसत. सोबत आलेला भाऊ नाहीतर सासरा दारात उभा. मग काकू स्वयंपाक सोडून, पदराला हात पुसत यायच्या. पोरीला बसवायच्या, माहेर कुठलं विचारायच्या, आई काय करते विचारायच्या, आणि ती बोलता बोलता हसली, की बटण दाबायच्या. बायकांचे सगळे फोटो काकूंनी काढलेले. काका धुऊन द्यायचे आणि मागे शिक्का मारायचे. शिक्क्यावर नाव एकच, देवराव नखाते.

"लोकं म्हनत, नखाते, बायामानसांचे फोटो तुमच्यासारखे कोनाचेच नाई. अन् मी मुंडी हलवून आयकून घेतलं. तीस वर्सं आयकून घेतलं. तुमी तं इंटरनेट लिहिलं, भाऊ. मी तं सोताचंच लिहिलं."

मी विचारलं, काकू कधी काही बोलल्या नाहीत?

"तिनं कधी मांगितलंच नाई. म्हून तं मले दिसलंबी नाई."

आतून काकूंचा आवाज आला, "काहून जुनं उकरून राहिले जी? भाऊले चहा तं घेऊ द्या."

साऱ्या गावाशी हा माणूस का भांडतो, ते मला त्या खिडकीत कळलं. ज्याच्याशी भांडायचं तो त्यांच्याच घरात होता, रोज आरशात दिसत होता. त्याच्याशी भांडायचं धैर्य गोळा होईपर्यंत ते पेपरवाल्यांना फोन करत राहिले.

आम्ही चिठ्ठ्या छापल्या, 'छायाचित्र : शकुंतला देवराव नखाते.' तीनशे प्रती होत्या. काकांनी गोंदाची बाटली घेऊन त्या एकट्यानं चिकटवल्या. ज्या आधीच वाटल्या गेल्या होत्या, त्यांच्यासाठी घरोघर फिरले. वाचनालयातल्या कुणालाही त्यांनी हात लावू दिला नाही.

चिठ्ठी लावलेली पहिली प्रत काकूंना द्यायची, पण एकटं जायची त्यांची हिंमत होईना, म्हणून मला सोबत नेलं. काकू मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, ती ओळ वाचली. मग मुखपृष्ठ उलटून बराच वेळ फोटो निरखत राहिल्या. काका माझ्या मागे उभे होते.

"हात पाहा पोरीचा," काकू शेवटी म्हणाल्या. "सप्पा अंधारात गेला. मी तवाच म्हटलं होतं, आनखी एक काढू. यायनं आयकलं नाई. म्हने, फिल्म वाया जाते."

भर हॉलमध्ये पाहुण्यांचं भाषण तोडणारा माणूस खाली मान घालून म्हणाला, "चुकलंच वं माहं."

काकूंनी मेथी पुन्हा पुढ्यात ओढली. दोन काड्या निवडल्या. मग वर न बघता मला विचारलं, आणखी एक प्रत मिळेल का? नरखेडला बहिणीकडे पाठवायची होती.