तात्यांचं न उतरणारं ब्रेक ऑइल

पिकअपचं ब्रेक ऑइल कधी बदलायचं, हे तात्यांना विचारायची सोय नव्हती. "बदलायचं कशाला? चांगल्या गाडीचं ऑइल उतरतच नाही!" असं म्हणत ते भर रस्त्यात बॉनेट उघडायचे. "चार वर्षं झाली. डबीतली पातळी बोटभर जरी खाली गेली असेल ना, तर मिशी उतरवीन!" ऑइलचा रंग काढ्यासारखा झाला होता, पण तात्यांच्या मते ते मुरलं होतं.

आज त्याच पिकअपमधून त्यांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, दुकान निघालं होतं. शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि माणसाच्या उंचीचा आरसा! तीस वर्षं घरातल्या खिडकीशी बसून लोकांचे कपडे शिवल्यावर काकूंनी उताराच्या रस्त्यावर स्वतःचा गाळा घेतला होता. तात्या सुरुवातीला एकदाच म्हणाले होते, "दुकान कशाला? घरी काय कमी आहे?" नंतर गाळ्याला रंग त्यांनीच दिला, फळ्याही त्यांनीच ठोकल्या. पण काकूंच्या मनात ते पहिलंच वाक्य रुतून बसलं होतं.

उतार लांबलचक, सामान जड. तात्या सबंध रस्ताभर ब्रेकवर पाय ठेवून, गप्पा मारत खाली आले. गाळ्याच्या दारात त्यांची मुलगी आणि पाच-सहा गिऱ्हाइकं वाट बघत उभी होती. शेजारी बसलेल्या काकूंनी पदर सारखा करून हात हलवला. तात्यांनी ब्रेक दाबला.

पाय लोण्यात शिरावा तसा खाली गेला आणि गाडी दुकानावरून पुढे!

"अहो, दुकान!"

"दिसलं."

"मग थांबा की!"

"जरा... पुढे जाऊन येऊ." तात्यांनी घाईघाईने गिअर खाली घेतला. चार वर्षांच्या बढायांनंतर ब्रेक लागत नाही हे कुठल्या तोंडाने सांगणार?

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. मुलीचा आवाज दोघांनाही ऐकू आला. "आई, बाबा थांबले का नाहीत? मनातून अजून नकोच आहे का त्यांना? इथे सगळे विचारतायत!"

काकूंनी फोन मांडीवर ठेवला. "तसं स्पष्ट सांगायचं होतंत," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मी सामान भरलंच नसतं." त्यांचा आवाज ओला झाला होता. तात्यांनी ठरवलं, गेली अब्रू तर जाऊ दे!

"ब्रेक लागत नाहीये गं!"

काकूंचा चेहरा एकदम उजळला. "एवढंच ना!"

"एवढंच? अगं, मरू आपण!"

"मला वाटलं, तुम्हाला दुकान नकोय!"

"हवंय! मेलो तरी हवंय! घट्ट धरून बस, हँडब्रेक ओढतो!"

पुढे चढ लागला, गाडी दमली आणि कण्हत थांबली. काकूंनी टुणकन उतरून चाकाखाली दगड लावला. आरसा शाबूत होता.

बोलावलेला गॅरेजवाला आला, चाकं बघितली, मग डबीत डोकावला. "ऑइल काठोकाठ आहे."

"बघ!" तात्या म्हणाले.

"तेच तर नवल आहे. ब्रेकचे पॅड पार झिजलेत. पॅड झिजले की पातळी उतरतेच. कोणीतरी वरून भरतंय."

काकू पदराच्या टोकाशी चाळा करू लागल्या. "मीच. महिन्या-दोन महिन्यांनी, थोडं थोडं. कमी दिसलं की जीव घाबरायचा. आणि हे चारचौघांत किती अभिमानाने सांगायचे... यांचं मन मोडवेना."

"बाटली कुठे ठेवता?"

"मशीनपाशी. झाकण हरवलंय ना, म्हणून चिंधीचा बोळा लावलाय."

गॅरेजवाला रस्त्यातच बसला. "काकू, हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं! मग उतारावर तापलं की उकळतं आणि ब्रेक जातो. नुसती भर घालून भागत नाही. दोनेक वर्षांनी सगळं काढून नवं भरायचं."

तात्या बायकोकडे वळले. रागवावं म्हटलं तर राग येईना, उलट डोळेच भरून आले. "आणखी काय काय करतेस माझ्या नकळत?"

"फार नाही हो. रेडिएटरचं पाणी, टायरची हवा, इंजिन ऑइल..."

"मग या गाडीचं मी करतो तरी काय?"

काकूंनी पदर खोचला.

"कौतुक करता की! चला आता, थोडं माझ्या दुकानाचंही करा."