चमचाभर आग्रह

आर्विडने बॅग भरून बाहेरच्या दारामागे ठेवली होती आणि ती कुणाला दिसू नये म्हणून तिच्यावर आर्डिसचा बागेत घालायचा जुना कोट टाकला होता. बॅग लपवण्याचं कारण साधं होतं. त्याला अजून कुणी बोलावलं नव्हतं.

आर्डिस, त्याची बायको, गुरुवारी गेली. आज शनिवारी तिचा दफनविधी होता. मुलगी सिग्नी डुलुथ शहरातून आली होती आणि उद्या परत जाणार होती. आर्विडला तिच्याबरोबर जायचं होतं, निदान हिवाळाभर. रिकाम्या घरात पहिला बर्फ पडताना बघायची त्याची तयारी नव्हती. पण "मी येऊ का?" असं स्वतःहून विचारणं पश्चिम मिनेसोटातल्या त्या गावात कुणालाच जमत नसे. विचारायचं ते समोरच्याने. त्याने विचारलं की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, ती रीत. दुसऱ्यांदा विचारलं तरी 'नको', म्हणजे त्याला सुटायचं असेल तर सुटता यावं. तिसऱ्यांदा विचारलं, की "आता एवढा आग्रहच करताय तर" म्हणत बशी पुढे करायची. केकचा तुकडा असो की गाडीतून घरी सोडणं असो, सगळं याच वाटेने जाई. आर्डिसने लग्नाच्या मागणीलाही दोनदा नको म्हटलं होतं. त्यावर आर्विड टोपी कुरवाळत नुसताच उभा राहिला, तेव्हा तीच म्हणाली होती, "अजून एकदा विचारायचं राहिलंय."

या रीतीत एकच अडचण होती. एखाद्याला खरोखरच नको असेल तर? आर्विडचं खरं 'नको' कोणतं आणि रीतीचं कोणतं, हे फक्त आर्डिसला कळत असे. ती त्याच्या तोंडाकडे बघतसुद्धा नसे. बटाटे सोलता सोलता म्हणे, "नकोय त्याला, खरंच नकोय," आणि पाहुणे गप्प बसत.

आर्विडचा दफनाला घालायचा काळा कोट व्हरांड्यात वाऱ्यावर टांगला होता. थंडी पडायला लागली की गांधीलमाश्या उबेसाठी कपड्यांत शिरतात, म्हणून आर्डिस प्रत्येक कपडा दाराबाहेर झटकून मगच हातात देई. आज कोट कुणी झटकला नाही. आर्विडने बाहीत हात घातला आणि ओरडला.

"बाबा, काय झालं?" सिग्नी धावत आली.

"काही नाही."

"काही नाही कसं? हात बघा! अंगभर गांधी उठल्यात. श्वास लागतोय का? जीभ, ओठ जड वाटतायत?"

"नाही गं. खाजतंय फक्त."

सिग्नी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय झाकण उघडणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने न्हाणीघरातल्या कपाटातून अ‍ॅलर्जीचं गुलाबी, पातळ औषध आणलं, तारीख बघितली, लेबल वाचलं आणि बाटलीबरोबर आलेल्या छोट्या मापात रेघेपर्यंत ओतलं.

"हे घ्या."

"नको. राहील आपोआप."

"घ्या हो."

"कशाला उगाच."

"बाबा!"

आर्विडने ते घेतलं. चेरीच्या गोळीसारखी चव होती.

"याने झोप येते," सिग्नी म्हणाली. "आज गाडी चालवायची नाही. आणि संध्याकाळपर्यंत हे परत घ्यायचं नाही. तुमच्या वयाला हाच डोस जास्तीकडे झुकतो."

हे तिने फक्त आर्विडला सांगितलं. आर्डिस असती तर ते तिलाही सांगून ठेवलं असतं, आणि पुढचं काही घडलं नसतं.

चर्चमध्ये लोक जमत होते. आर्डिसची धाकटी बहीण बर्निस हिने आर्विडला बाजूच्या खोलीत मनगट खाजवताना गाठलं. बर्निसची पर्स म्हणजे फिरतं औषधाचं दुकान. फक्त त्या दुकानात बाटलीवर जे नाव असे, ते आत कधीच नसे. मोठ्या बाटल्या पर्समध्ये मावत नाहीत, म्हणून ती औषधं लहान बाटल्यांत ओतून घेई.

"हे घे, पित्तावरचं आहे," तिने व्हॅनिला इसेन्सची बाटली काढली.

"नको बर्निस."

"अरे घे. या अवतारात आर्डिससमोर उभा राहणारेस का?"

"सिग्नीने दिलंय मला सकाळीच."

आता हे वाक्य अगदी खरं होतं. पण त्या गावात जेवायला बोलावलं की पोटात कावळे ओरडत असले तरी "आत्ताच जेवून आलो" म्हणतात. बर्निसने आयुष्यभर अशा जेवून आलेल्या लोकांना वाढलं होतं.

"हो हो, दिलं असेल," ती म्हणाली, आणि तळघरातल्या स्वयंपाकघरातून चमचा घेऊन आली. चमचा वाढायचा होता. "आ कर."

तिसऱ्यांदा विचारल्यावर काय करायचं असतं, हे आर्विडला पाठ होतं. त्याने आ केला.

त्यानंतर तो पाण्यासाठी तळघरात उतरला, कारण त्याचं तोंड लाकडासारखं कोरडं पडलं होतं. तिथे मार्लिस हॉटडिशच्या, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाटे-मांसाच्या, परातींवर झाकणं घालत होती. चर्चमधलं प्रत्येक मयताचं जेवण तिच्याच हुकुमाने होई.

"आर्विड, घसा बसलाय तुझा. सर्दी होणार. कपात थोडं रात्रीचं सर्दीचं औषध देते."

"नको."

"गरम पाण्यातून देते."

"नको मार्लिस, मी दोनदा—"

"तेच म्हणते मी. दोनदा नको म्हणून झालंय. आता घे!"

सर्दीच्या त्या औषधातही झोप आणणारं एक औषध असतं. नाव वेगळं, पण घराणं तेच. मेंदूत माणसाला जागं ठेवणारा एक निरोप सतत फिरत असतो, आणि या घराण्यातलं प्रत्येक औषध तो निरोप वाटेत अडवतं. आर्विडच्या मेंदूच्या वाटेवर आता एकाच घराण्यातले तिघं आडवे उभे होते.

प्रार्थना सुरू झाली. सगळे उठले, आर्विड बसून राहिला. सगळे बसले, तेव्हा तो उठला आणि पुन्हा बसला. मग त्याची मान हळूहळू छातीवर आली.

"बिचारा," मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजलं. "कोसळलाय अगदी."

"मला वाटायचं याला काही वाटतच नाही. बघ, दुःखाने डोळे उघडत नाहीयेत."

"खांदे कसे हलतायत."

खांदे हलत होते ते घोरण्याने. दुसऱ्या स्तोत्राच्या वेळी ते स्पष्टच ऐकू येऊ लागलं. ऑर्गन वाजवणारीने समजूतदारपणे आवाज वाढवला. आर्विडनेही वाढवला. पास्टर आर्डिसच्या वक्तशीरपणाबद्दल बोलत होते, की उभ्या आयुष्यात ती कुठे उशिरा पोचली नाही. ते मोठ्याने बोलू लागले आणि शेवटी तर ओरडूनच बोलत होते.

सिग्नीने बापाचा दंड हलवला. "बाबा. बाबा!"

आर्विडने डोळे किलकिले केले. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, चेहरा लाल आणि तापलेला.

"पाणी हवंय का?"

"नको."

"नक्की?"

"आर्डिसला विचार," तो म्हणाला. "तिला कळतं."

सिग्नीने बापाच्या मनगटावर बोटं ठेवली, नाडी मोजली आणि उठली.

"मावशी," ती पुढच्या बाकावर वाकून म्हणाली, "तुम्ही काही दिलंत का यांना?"

"चमचाभरच दिलं गं."

"कसला चमचा?"

बर्निसने दोन्ही हातांनी चमचा केवढा होता ते दाखवलं. मागून मार्लिसचा हात वर गेला, शाळेत उत्तर माहीत असलेल्या मुलीसारखा, पण खाली बघत.

सिग्नीने बर्निसला तिच्या बाटलीसकट बाहेर आणलं आणि विषबाधा केंद्राला फोन लावला. तिकडून एका नर्सचा शांत आवाज आला. वय किती, वजन किती, काय घेतलं, किती, केव्हा, हाक मारली तर उठतात का.

"दुसऱ्या बाटलीवरचं लेबल वाचून दाखवाल?"

सिग्नीने बाटली फिरवली. "शुद्ध व्हॅनिला."

"व्हॅनिला प्यायलेत?"

"नाही. आत औषध आहे."

"कोणतं?"

"मावशी, कोणतं?"

"गुलाबी," बर्निस रडवेल्या आवाजात म्हणाली.

नर्सने एक श्वास घेतला. किती गेलं आहे याची खात्री नाही, वय झालेलं आहे आणि माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो आहे, तेव्हा घरी थांबू नका, रुग्णवाहिका बोलवा, असं तिने सांगितलं. खाजगी गाडीतून नेऊ नका. उलटी करवू नका. सगळ्या बाटल्या बरोबर द्या.

रुग्णवाहिका बोलवायला फार लांब जावं लागलं नाही. गावाची रुग्णवाहिका स्वयंसेवक चालवत, आणि आज ड्यूटीवर असलेले दोघं शवपेटीला खांदा द्यायला पहिल्या रांगेत उभे होते. ते गेले. मग उरलेल्या चौघांनी पेटी उचलून बघितली आणि सावकाश खाली ठेवली.

अशा रीतीने कधी उशीर न केलेल्या आर्डिसला स्वतःच्या दफनाला उशीर झाला.

चर्चच्या पायरीशी दोन लांब गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक काळी आणि एक पांढरी. आर्विडला पट्टे बांधून आडवं बाहेर आणलं, तेव्हा त्याने मान वळवली.

"आर्डिस कुठल्या गाडीत?"

"दुसऱ्या, बाबा."

"मग मला तिच्यात बसवा," आर्विड म्हणाला. "एका घराला दोन गाड्या कशाला?"

कुणीच हसलं नाही. मार्लिसने एप्रनने डोळे पुसले आणि तळघरात जाऊन भट्टी बंद केली, हॉटडिश करपू नये म्हणून.

इस्पितळात आर्विडच्या छातीवर तारा चिकटवल्या. हृदयाची रेघ पडद्यावर जरा घाईत धावत होती, पण संध्याकाळपर्यंत ती चालीवर आली. डॉक्टर तरुण होती आणि दूरच्या शहरातून आलेली होती.

"यांनी सकाळचा डोस सांगितला नव्हता का कुणाला?"

"सांगितला होता," बर्निस म्हणाली. "आम्हाला वाटलं, संकोचाने म्हणतायत."

"आणि नको म्हणाले होते?"

"दोनदा."

"मग तिसऱ्यांदा विचारलंत कशाला?"

बर्निसने मार्लिसकडे बघितलं आणि मार्लिसने भिंतीकडे. हा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता.

"माणूस नको म्हणाला, तर ऐकायचं," डॉक्टर म्हणाली.

सिग्नीने मान हलवली. तिने हे मनावर घेतलं, अगदी लेबल वाचावं तसं.

आर्डिसला दुसऱ्या दिवशी दुपारी पुरलं. सहाही खांदेकरी हजर होते. कोट दोघांनी झटकला होता. आर्विड जागा होता आणि सगळं त्याला लख्ख दिसलं, जे कदाचित नसतं दिसलं तरी चाललं असतं.

घरी येऊन सिग्नीने आवराआवर केली. औषधाची बाटली वरच्या कपाटात कुलपात ठेवली, माप रबरबँडने बाटलीलाच बांधलं. बर्निसच्या बाटलीतलं उरलेलं औषध कॉफीच्या चोथ्यात मिसळून, पिशवी घट्ट बांधून कचऱ्यात टाकलं.

"चांगलं औषध होतं गं," बर्निस हळहळली.

"मावशी, ते व्हॅनिला म्हणून ठेवलं असतंत, तर नाताळच्या बिस्किटांत गेलं असतं."

बर्निसने नाताळच्या बिस्किटांचा विचार केला आणि ती गप्प घरी गेली.

मग स्वयंपाकघरात दोघंच उरली. सिंकजवळ आर्डिसचा कप पालथा होता. दोघांनीही तो उचलला नव्हता.

"बाबा, चला ना माझ्याबरोबर. हिवाळाभर राहा."

"छे, छे. मी इथे बरा आहे."

"खोली रिकामीच आहे."

"तुला उगाच त्रास." तो खुर्चीत किंचित पुढे सरकला आणि वाट बघू लागला.

सिग्नीचे डोळे भरून आले. "बरं," ती म्हणाली. "मी नाही आग्रह करणार. काल तुमचं कुणी ऐकलं नाही. आता तुम्ही नको म्हणालात, की ते नकोच."

तिने त्याला मिठी मारली, आपली पिशवी उचलली आणि बाहेर गेली. दारामागच्या कोटाखाली काय आहे ते तिने बघितलं नाही.

आर्विड दारात आला. गाडी सुरू झाली. त्याने निरोपाचा हात वर केला, पण तो हलवला नाही, नुसताच वर धरून ठेवला. गाडी अंगणातून मागे गेली, रस्त्याला लागली, आणि थांबली. काच खाली आली.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही." तो पायऱ्या उतरून गाडीपाशी आला आणि टोपी काढून कुरवाळू लागला. "ती डॉक्टर म्हणाली ना काल, नको म्हटलं की ऐकायचं."

"हो."

"ते औषधाबद्दल होतं."

सिग्नीला काही कळलं नाही.

आर्विडने रिकाम्या घराकडे बघितलं. मग टोपीकडे बघून, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "अजून एकदा विचारायचं राहिलंय."

गाडीचं इंजिन बंद झालं. सिग्नीने तोंडावर हात धरला. ती हसते आहे की रडते आहे, हे आर्डिसलाच सांगता आलं असतं.

"बाबा, येता माझ्याबरोबर?"

"आता तू एवढा आग्रहच करतेस तर," आर्विड म्हणाला, आणि बॅग आणायला वळला.