बोल त्याचा, तोंड पास्कूचं

आमच्या शेजारच्या पास्कूच्या ओटीवर रोज दिवेलागणीला तीन साहेब भांडत. घरात माणूस म्हणाल तर एकटा पास्कू. तिन्ही साहेब केव्हाच मेलेले.

लग्न होऊन मी खाडीकाठच्या कोपरी गावात आले तेव्हा सासूबाईंनी पहिली ताकीद दिली ती याचीच. "तिन्हीसांजेला त्या बाजूची खिडकी उघडायची नाही." मी दुसऱ्याच दिवशी उघडली. चुलीच्या धुराने माझे डोळे जायची वेळ आली होती. साहेबांच्या भुतांचं मग बघू म्हटलं. समोर ओटीवर पास्कू बसलेला. आधी खोकला आला, कोरडा, मध्येच अडकलेला. मग पास्कूची मान लांब झाली, जबडा पुढे आला आणि त्याच्या तोंडून कोणी परका, तरुण माणूस बोलू लागला. आमचं कुत्रं शेपूट घालून निघून गेलं. मी भाजी फोडणीला टाकली.

पास्कू जातीने किरिस्ताव, पाद्र्यांकडे इंग्रजी शिकलेला. खाडीवर रेल्वेचा पूल बांधला तेव्हा तो साहेबांचा दुभाष्या होता. इंग्रजी ही एक भाषा आहे असं त्याच्यापुढे कोणी म्हटलं की तो चिडे.

"तसं नाय, वयनी. पुण्याचा भट नि आमचा मिठागरवाला एकसारखा बोलतो काय? मग साहेब कसे बोलतील?"

लंडनचा साहेब म्हणे शब्दातला 'ह' गिळून टाकी. स्कॉटलंडचा साहेब 'र' जात्यात घातल्यासारखा घोळवी. अमेरिकेचा पाद्री सगळंच नाकातून काढी आणि स्टेशनाला डेपो म्हणे. लहान मूल दिसलं की लंडनवाला म्हणे चाइल्ड, स्कॉटलंडवाला म्हणे बेर्न. पुलावर हे दोघे समोरासमोर आले की एकाचं दुसऱ्याला कळत नसे. मग मध्ये पास्कूला उभं करत. इंग्रजीचं इंग्रजीत करून सांगायला!

या कामाचा त्याचा नियम एकच, आणि तो दिवसातून एकदा तरी ऐकवल्याशिवाय तो राहत नसे : "बोल त्याचा, तोंड माझं." दुभाष्याने पदरचं काही घालायचं नाही. साहेब ओरडला की ओरडायचं, खोकला की खोकायचं. एकदा लंडनच्या साहेबाच्या वतीने तो स्कॉटलंडच्या साहेबाला गाढव म्हणाला. त्याने पास्कूला थोबाडीत दिली. पास्कू वळला आणि तीच थोबाडीत त्याने लंडनच्या साहेबाला पोचती केली.

"नोकरी नाही गेली?"

"गेली असती. पण मग त्यांचं बोलणं कोण करणार व्हतं?"

पुढे एक साहेब तापाने गेला, एक खाडीत बुडाला, पाद्री खडवलीकडे पटकीच्या साथीत गेला. पास्कूची बायको त्याआधीच गेलेली, मूलबाळ नाही. साहेबांना त्याने सोडलं नाही. "त्यांनी बोलायला तोंड कुठून आणायचं?" म्हणे.

मग एका थंडीत ती मडम आली. तापाने मेलेल्या स्कॉटलंडच्या साहेबाची ती बहीण, केस पिकलेली. आमचे हे कचेरीत कारकून, त्यांच्याकडे तिला पास्कूच्या घरी पोचवण्याचं काम आलं. ह्यांना साहेबांची भीती आणि भुतांची त्याहून. ऐनवेळी ह्यांचं पोट दुखलं. "तूच जा. बाईला बाई बरी," म्हणाले.

भर दुपार होती. खाडीला ओहोटी, वारा पडलेला. मडम ओटीवर बसली आणि खाली बघत काहीबाही बोलली. मी पास्कूला विचारलं, "काय म्हणते?"

पास्कूने सवयीने माझ्याकडे तोंड केलं, आणि त्याच्या मिशांखालून बारीक, थकलेल्या बाईचा आवाज मराठीत आला. "माझं नि भावाचं भांडण झालं. तो हिंदुस्थानात निघाला तेव्हा मी दारातसुद्धा आले नाही. शेवटी तुम्ही त्याच्यापाशी होता. तो माझ्यावर रागावलेला होता का? तेवढंच मला सांगा."

पास्कूने मडमेकडे तोंड वळवलं. मग खोकला आला, तोच, मध्येच अडकलेला.

मडम ताडकन उठली. खोकला तिने ओळखला होता. पास्कूची मान लांब झाली, जबडा पुढे आला आणि तो तरुण माणूस बोलू लागला. थोडकंच बोलला, हळू, 'र' घोळवत. मडमेने हात पुढे केला आणि पास्कूच्या सुरकुतलेल्या गालावर ठेवला, एखाद्या पोराच्या ठेवावा तसा. रडली नाही. तशीच गाडीत बसली आणि गेली.

"काय म्हणाला साहेब?" मी विचारलं.

"राग कधीच गेला, म्हणाला. तू दारामागं उभी व्हतीस, मला ठाऊक व्हतं, म्हणाला."

"मरताना असं बोलला होता?"

पास्कूने नकाराची मान हलवली. "तापात नुसता आईला हाका मारायचा. बहिणीचं नाव एकदा पण नाय. तेच मी मडमेला सांगणार व्हतो, वयनी. आपलं घालायचं नाय. पण खोकला आला. मी काढला नव्हता."

"म्हणजे तुम्हीच पदरचं घातलंत."

"मी?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "मी कसा बोलतो, ते तरी मला कुठं ठाऊक हाय?"

स्कॉटलंडचा साहेब त्यानंतर आला नाही. बहिणीबरोबर गेला, असं पास्कूचं म्हणणं. हळूहळू बाकीचे दोघेही मंदावले. ओटी गप्प झाली. कुत्रं तिथे जाऊन झोपू लागलं. एका संध्याकाळी पास्कू खिडकीशी आला.

"वयनी, मी मेल्यावर मला तोंड कोण देणार? माझा आवाज कोणाला ठाऊक हाय?"

"मला आहे," मी म्हटलं. "इतकी वर्षं 'तसं नाय, वयनी' ऐकतेय. आत या, भाकरी गरम आहे."

तो आत आला, जेवला. पुढे रोज येऊ लागला. पावसाळा संपता संपता गेला.

परवा दिवेलागणीला मी चुलीशी होते. लाकडं ओली, खिडकी उघडी. आमच्या ओटीवरून ह्यांनी घाबरून हाक मारली, "अगं, आत कोण बोलतंय?"

मी तोंडावर हात ठेवला. खरं म्हणजे माझं तोंड चालू आहे हे मलाच कळलं नव्हतं.

"घाबरू नका," मी म्हटलं. "बोल त्याचा, तोंड माझं."

आणि तवा उतरवला.