दुपार नसलेल्या जंगलातला मका

एका जंगलात मक्याचं शेत होतं. हसू नका बाळांनो, खरंच होतं. डोंगरावरचं गवत दरवर्षी लवकर वाळायला लागलं, म्हणून जनावरांनी वाघमहाराजांकडे अर्ज करून ओढ्याकाठी मका पेरला होता. आता अर्ज केला म्हटल्यावर कायदा हा आलाच. कणीस भरल्याशिवाय मक्याचं उभं ताट कोणी तोडायचं नाही. तोडलं तर जंगलातून हकालपट्टी. फक्त पीक आजारी आहे असं पीक आरोग्य समितीने सांगितलं, तर तोडायला मुभा.

समितीचे अध्यक्ष होते रावसाहेब रानडुक्कर. मक्याचा त्यांच्याइतका अनुभव जंगलात कोणालाच नव्हता. तो सगळा रात्रीचा होता, एवढंच. चिटणीस होते साळिंदरभाऊ. ते काटे फुलवायचे आणि "नियमात बसत नाही" म्हणायचे. चिटणिसाला आणखी काय लागतं?

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. मका तरारून वाढला. आणि नेमका तुरा बाहेर पडला तेव्हा पावसाने पाठ फिरवली. ऊन असं तापलं की तुऱ्यातले पराग जागच्या जागी करपले. कणसं लागली, पण त्यात दाणाच भरेना.

त्या जंगलात शेवंताक्का नावाची एक गवी राहत होती. गवी म्हणजे गव्याची मादी, डोंगराएवढी आणि स्वभावाने गरीब. तिचं वासरू लहान होतं. चाऱ्यावाचून तिचं दूध आटत चाललं होतं. वासरू आचळाला तोंड लावायचं आणि रिकाम्या तोंडाने आईकडे बघायचं. ते बघवत नसे, बाळांनो.

कणसाची आशा संपली होती. पण ताटात अजून रस होता. आत्ताच मका कापून खड्ड्यात दाबून मुरवला, तर उन्हाळाभराचा चारा झाला असता. थोडे दिवस गेले की उरणार नुसती काटकं. म्हणून शेवंताक्का समितीकडे गेली.

समिती सकाळी शेतावर आली. गार वारा होता. मक्याची पानं छान पसरलेली होती.

"पान उघडं, पीक निरोगी," रावसाहेब म्हणाले.

"अहो रावसाहेब, आत्ता गारव्यात उघडंच दिसायचं की! दुपारच्याला येऊन बघा. पानाची पार सुरळी होतीया."

"दुपारी आम्ही चिखलात असतो."

"मग संध्याकाळपर्यंत पान परत उघडतंय. तुम्हांस्नी दिसणार कसं?"

"नियमात बसत नाही," साळिंदरभाऊ म्हणाले.

शेवंताक्का थेट वाघमहाराजांकडे गेली. महाराज मनाने वाईट नव्हते. आळशी होते. पण आईचं रडणं ऐकून म्हणाले, "आम्ही स्वतः दुपारी पाहणी करू."

मग काय विचारता! महाराज उन्हात येणार म्हणून शेताच्या कडेला पळसाच्या पानांचा मांडव पडला. महाराजांच्या मिशांवर धूळ बसू नये म्हणून अस्वलांनी ओढ्यातलं उरलंसुरलं पाणी आणून पहाटेपासून शिंपायला सुरुवात केली. पुढच्या चार सऱ्यांना सावली मिळाली, पाणी मिळालं. दुपारी महाराज आले तेव्हा त्या सऱ्यांतली पानं नवरीच्या पदरासारखी पसरली होती.

"आम्हाला तर पान उघडं दिसतंय," महाराज म्हणाले.

"महाराज, जरा पलीकडच्या सरीत चला," शेवंताक्का कळवळून म्हणाली.

महाराजांनी मांडवाबाहेर एक पंजा टाकला. तापलेल्या मातीने तो असा भाजला की ते चारी पायांवर उडाले आणि परत मांडवात पडले. महाराज बराच वेळ पंजा चाटत राहिले. मग गंभीरपणे म्हणाले, "दोष मक्यात नाही. दोष दुपारीत आहे. आजपासून आमच्या जंगलात दुपार नाही. सकाळ संपली की थेट संध्याकाळ!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांचा पंजा भाजला नव्हता, त्यांनी जास्त वाजवल्या.

शेवंताक्का घरी आली. वासराला चाटता चाटता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. राग तर इतका आला की तिने शिंगाने एक वारूळ उडवलं. आणि मग ती एकदम थांबली. तिने साळिंदरभाऊंना गाठलं.

"भाऊ, दुपारच्याला कुणी मका तोडला तर?"

"हा शब्द उच्चारायला बंदी आहे!"

"बरं, सकाळ सरल्यावर आणि संध्याकाळ व्हायच्या आधी कुणी तोडला तर?"

साळिंदरभाऊंनी काटे फुलवले. मिटले. पुन्हा फुलवले. "अशी वेळच नाही. नसलेल्या वेळी गुन्हा होणं नियमात बसत नाही."

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं आणि गव्यांचा सगळा कळप शेतात शिरला. "बुडखा सोडून वरचं तोडा गं," शेवंताक्का ओरडत होती. "पाण्याचा ताण पडला की विषार बुडख्यात साठतोय!" तोडलेला मका खड्ड्यात पडत होता आणि थोराड गवे त्यावर नाचून तो दाबत होते. वासरूही नाचलं.

शेजारच्या चिखलातून रावसाहेबांनी डोळे उघडले. "काय चाललंय हे?"

"कधी चाललंय रावसाहेब?" शेवंताक्काने अदबीने विचारलं.

रावसाहेबांनी तोंड उघडलं. विचार केला. तोंड मिटलं आणि डोळेही मिटले.

संध्याकाळी शेतात नुसते बुडखे होते. महाराजांनी विचारलं, "मका कुठे गेला?"

"महाराज," रावसाहेब म्हणाले, "सकाळी पीक पूर्ण निरोगी होतं. त्यानंतर संध्याकाळच झाली. मध्ये काहीही घडलेलं नाही."

महाराजांनी समितीचं अभिनंदन केलं. उन्हाळ्यात डोंगर पिवळा पडला तेव्हा शेवंताक्काने खड्डा उघडला. आंबूस गोड वास सुटला. ती पोटभर जेवली, आणि वासराच्या तोंडाला दुधाचा फेस आला.

तात्पर्य : राजाची आज्ञा नेहमी पाळावी. ती शहाणपणाची असेल तर थोडीफार पाळली तरी चालते. मूर्खपणाची असेल तर मात्र शब्दन् शब्द पाळावी.